एकादशी आणि दुप्पट खाशी: दोष भुकेचा की आपला?

वसतिगृहात असताना एकदा मी साडेचार महिने ठरवून अर्धपोटी राहिले. वजन उतरलं. मैत्रिणींनी कौतुक केलं. लग्नाकार्यात भेटल्या की दंडाला चिमटा काढून 'जरा आवर आता' म्हणणाऱ्या मावश्यांनीच मला कोपऱ्यात घेऊन 'काय केलंस गं नेमकं?' असं विचारलं. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, रात्री साडेअकराला, खोलीतल्या सगळ्या झोपल्यावर, आईने पाठवलेला चिवड्याचा डबा मी अंधारात बसून संपवला. मग लाडूंचा. चव कळत नव्हती, पोट दुखायला लागलं होतं, तरी हात थांबेना. सकाळी उठल्यावर ठरवलं, आज दिवसभर काही खायचं नाही. रात्री पुन्हा तेच.

हे जवळजवळ तीन वर्षं चाललं. आपल्याला मन आवरता येत नाही, आपण हावरट आहोत, याबद्दल त्या तीन वर्षांत माझ्या मनात जराही शंका नव्हती. आपल्याकडे त्याला म्हणही आहे: एकादशी आणि दुप्पट खाशी. म्हणणारा हसतो, ऐकणारा ओशाळतो. या म्हणीतलं निरीक्षण अगदी अचूक आहे. पण तिच्यात दडलेला आरोप चुकीचा आहे, आणि हे ८० वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. मला ते कळायला फार उशीर लागला, म्हणून हा लेख.

१९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा उभं करायचं तर काय आणि किती खायला द्यायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. विवेकाला पटत नाही म्हणून ज्यांनी बंदूक हाती घ्यायला नकार दिला होता, असे ३६ धडधाकट तरुण या प्रयोगासाठी स्वतःहून पुढे आले. पहिले तीन महिने त्यांना पोटभर जेवण मिळालं. मग सहा महिने साधारण निम्मं: ब्रेड, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी, दिवसाला सगळं मिळून सुमारे १,५७० कॅलरी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. सहा महिन्यांत त्यांचं वजन सरासरी पाव भागाने घटलं.

त्या आकड्यापाशी जरा थांबा. १,५७० कॅलरी. संशोधकांनी या आहाराला 'उपासमार' म्हटलं होतं. आज मोबाइलवर फिरणारे कितीतरी डाएटचे तक्ते याहून कमी जेवायला सांगतात आणि त्याला 'हेल्दी लाइफस्टाइल' म्हणतात.

त्या तरुणांच्या मनाचं काय झालं, ते वाचताना मला स्वतःचीच डायरी वाचल्यासारखं वाटलं होतं. ज्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ताटातलं थोडंसं अन्न दोन-दोन तास पुरवून खाऊ लागले, ताटल्या चाटू लागले. च्युइंगम आणि कॉफीवर इतके तुटून पडले की त्यावर मर्यादा घालावी लागली. स्वप्नातही जेवण. राजकारण, अभ्यास, मुली, कशातच रस उरला नाही. भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. चिडचिड, उदासी, एकटं राहणं. काहींनी नियम मोडून चोरून खाल्लं आणि त्या अपराधी भावनेने ते खचले.

पुन्हा पोटभर जेवण सुरू झालं तरी भूक शमेना. काहीजण आणखी घास जाणार नाही इतकं खायचे आणि तरीही भूक आहे म्हणायचे. हे बरेच महिने चाललं. आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्या विषयाला अगदी लागून आहे. उपासमारीच्या दिवसांत त्यांना आपण हडकलो आहोत असं वाटेनासं झालं, उलट बाहेरची माणसंच जाड दिसू लागली. आणि वजन परत येताना पोटावर आधी चरबी दिसली, तेव्हा काहींना आपलं शरीर खटकू लागलं. म्हणजे आरशाशी वाकडं येण्याची सुरुवात काही वेळा आरशापासून होतही नाही, ती रिकाम्या पोटापासून होते.

आपल्या तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणारी ही माणसं. त्यांच्या मनोनिग्रहावर बोट कोण ठेवणार? त्यांची जर ही अवस्था झाली, तर वसतिगृहातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातून चिवड्याचा डबा संपला, यात तिच्या स्वभावाचा दोष कितीसा?

शरीर हे कसं घडवतं, ते आता बरंचसं कळलं आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचा शोध १९९४ मध्ये लागला. कणगीत धान्य किती शिल्लक आहे, याचा निरोप मेंदूला देणं हे त्याचं काम. वजन उतरू लागलं की लेप्टिन घटतं आणि मेंदूला निरोप जातो: कणगी रिती होत चालली आहे. दुसरीकडे जठरातून घ्रेलिन सुटतं, ते भूक वाढवतं. ते १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना सापडलं. आहार तोडला की घ्रेलिन वाढतं. सोबत शरीर खर्चही आवरतं घेतं, हातपाय गार पडतात, थकवा येतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवून झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन उतरवल्याला एक वर्ष उलटलं, काही वजन परतही आलं, तरी त्यांच्या भुकेच्या संप्रेरकांचं बिनसलेलं गणित पूर्ववत झालं नव्हतं. आपण ज्याला 'पुन्हा घसरले' म्हणतो, त्यामागे दुष्काळ ओळखून कामाला लागलेलं एक शरीर असतं. आपले पूर्वज ज्या दुष्काळांतून तगले, ते याच यंत्रणेच्या बळावर.

शरीराच्या जोडीला मनाचीही एक खोड आहे. १९७५ मध्ये पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह एक साधा प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग समोर आइस्क्रीम ठेवून हवं तेवढं खायला सांगितलं. जे कधी खाणं मोजत नव्हते, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, साहजिकच. जे सतत खाण्यावर नियंत्रण ठेवत होते, त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर जास्त खाल्लं. आपल्या घरांत हे रोज घडतं. चतुर्थीला चुकून बिस्किटाचा तुकडा तोंडात गेला की 'मोडला उपास, आता जेवूनच घेते'. नियम जितका कडक, तितकी तो मोडल्यावरची घसरण मोठी. 'चीट डे' ही कल्पना याच खोडीवर उभी आहे. खाण्यात फसवणूक कसली? आणि कुणाची?

उपासाला माझा विरोध नाही, हे इथेच सांगते. माझी आजी जन्मभर एकादशी करत आली. द्वादशीला शांतपणे पारणं फेडायची आणि कामाला लागायची. तिचा उपास विठोबासाठी होता, वजनकाटा तिने पाहिलाही नव्हता. पण वजनासाठी धरलेले उपास देवाच्या नावाखाली सहज झाकले जातात, हेही मी जवळून पाहिलं आहे. नवरात्रात नऊ दिवस, मग सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार. घरच्यांना मुलगी धार्मिक वाटते. तिला मात्र न जेवण्यासाठी सगळ्यांना मान्य होणारं कारण मिळालेलं असतं.

'खराब झालीस' आणि 'तब्येत सुधारली'

मराठीत 'खराब झालीस' म्हणजे बारीक झालीस, आणि 'तब्येत सुधारली' म्हणजे वजन वाढलं. आजीच्या तोंडी हे शब्द सरळ अर्थाने असायचे. साताऱ्याकडच्या आमच्या गावात १९७२च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळणारी सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी भाकरीला धड नव्हती, तरी तीच खाल्ली. अशा बाईला नातीचे गाल वर आलेले दिसले की ती म्हणणार, 'सुधारलीस गं बाई.' त्यात समाधान होतं. 'खात्यापित्या घरची' हे तिच्या पिढीत कौतुक होतं.

माझ्या आईच्या पिढीपर्यंत शब्द तेच राहिले, अर्थ फिरला. 'तब्येत सुधारली की!' हे आता डोळे मिचकावत म्हटलं जातं. आणि एकाच पंगतीत एकाच मुलीला दोन्ही भाषा ऐकू येतात. वाढणारी म्हणते, 'एवढंच? अजून एक घे, आमच्याकडचं आवडलं नाही का?' शेजारची म्हणते, 'भात कमी कर हो, आता स्थळं बघायचीत.' ताट स्वच्छ केलं नाही तर अन्नाचा अपमान, केलं तर देहाचा. यात त्या मुलीला स्वतःच्या भुकेचा आवाज कसा ऐकू यावा? लहानपणापासून किती खायचं हे दुसऱ्याने सांगितलं, मग किती खायचं नाही हेही दुसऱ्यानेच सांगितलं.

बोलण्यातून आणि चित्रांतून शरीराचं माप किती झपाट्याने बदलतं, याचं ठळक उदाहरण फिजी बेटांवरचं आहे. तिथे भरलेलं अंग चांगलं मानत. कुणी बारीक झालं तर घरच्यांचं लक्ष नाही असं समजत, म्हणजे आपल्या 'खराब झालीस'सारखंच. १९९५ मध्ये नाड्रोगा भागात टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधिकेने तेव्हा आणि नंतर १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याच्या विकाराची लक्षणं दाखवणाऱ्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजनासाठी उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. पाहणी लहान होती, पण मुलाखतींत मुली स्वतःच पडद्यावरच्या बायकांसारखं दिसायचं आहे असं सांगत होत्या. तेव्हा तर फक्त टीव्ही होता. आज तो पडदा उशाशी असतो आणि त्यावरचे चेहरेही फिल्टरने घासूनपुसून काढलेले असतात.

काट्यावरचा आकडा काय सांगतो

'पण वजन वाढलं तर मधुमेह होतो ना?' हा प्रश्न रास्त आहे. वजनाचा आणि आरोग्याचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. पण तो संबंध काट्यावरच्या आकड्याइतका सरळ नाही, आणि हे जगाला पटवून देणाऱ्यांत आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे.

बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. त्याचं सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३२च्या सुमारास मांडलं. ते खगोल आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक. 'सरासरी माणूस' कसा असतो, हे त्यांना शोधायचं होतं. एखाद्याची तब्येत तपासणं हा त्यांचा हेतू नव्हता. त्याला आजचं नाव १९७२ मध्ये मिळालं, आणि ते देणारे पुन्हा तेच, मिनेसोटाचे अँसेल कीज.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्याने दोघांना एकाच रांगेत उभं केलं होतं.

हा फरक पाळण्यापासून असतो. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास याज्ञिकांच्या गटाने १९९३ मध्ये सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान, पण चरबी त्यामानाने राखून असलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबी धरलेली. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २३ धरतात. आणि म्हणूनच 'मी बारीक आहे, मला काय होतंय' म्हणणाऱ्या काकांनीही साखर तपासायला हवी. जाड दिसणाऱ्या पुतणीला उपदेश करत असतानाच कदाचित त्यांची साखर जास्त असेल. डोळ्यांनी माणसाची तब्येत मोजता येत नाही, हे ज्यांना रोज तेच करायची सवय आहे त्यांना पटवणं अवघड जातं.

मुलांचं दुखणं वेगळं, पण मूळ तेच. 'काडी पैलवान', 'हाडाचा सापळा' ऐकत वाढलेला मुलगा जिममध्ये जातो, आरशासमोर दंड फुगवतो, कितीही भरले तरी ते त्याला काटकुळेच दिसतात. हाही एक ओळखला गेलेला मानसिक विकार आहे. त्यातून पावडरींचे डबे आणि पुढे कुणीतरी दिलेली इंजेक्शनं सुरू होतात. आपल्याकडच्या तालमीत शरीर काय करू शकतं याला मान होता. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तेही बँटमवेट गटात, ५७ किलोच्या आतल्या पैलवानांत.

मग करायचं काय? मला ज्याने सावरलं ते ऐकायला फार साधं आहे: वेळेवर जेवणं. खा-खा सुटण्याच्या आजारावर ऑक्सफर्डच्या ख्रिस्टोफर फेअरबर्न यांनी जी उपचारपद्धती रचली, तिची सुरुवात इथूनच होते. तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो, काल रात्री काहीही झालेलं असो. आपल्या घरांतलं जुनं वेळापत्रक हेच सांगतं: न्याहारी, दुपारचं जेवण, चारचं चहाबरोबरचं काहीतरी, रात्रीचं जेवण. शरीराला अन्न येत राहणार याची खात्री पटली की रात्रीची ती धडपड हळूहळू निवते. माझी निवायला आठ-नऊ महिने लागले. सगळ्यात अवघड असायची ती डबा संपवल्यानंतरची सकाळ. त्या सकाळी पोहे खाणं हाच उपचार होता, आणि ते खाताना मला रडू यायचं.

दुसरं, एकही पदार्थ 'पाप' ठरवू नये. भात बंद केला की मनात भातच शिजत राहतो. वरण-भात-तूप चार माणसांत बसून ताटात घेऊन खाल्लं, की त्याची रात्रीची ओढ कमी होते. ज्यांना मधुमेह किंवा दुसरा आजार आहे त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळावंच. पथ्य ही शरीराची काळजी असते. शिक्षा म्हणून उपाशी राहणं ही वेगळी गोष्ट.

आणि आरसा. दिवसातून दहा वेळा पोट आत ओढून बघणं, कंबरेला चिमटा काढणं, जुनी जीन्स चढते का ते पाहणं यातून समाधान कधीच मिळत नाही, कारण जिथे नजर रोखाल तो भाग मोठा दिसू लागतो. मी वजन पाहणं रोजवरून आठवड्यावर आणलं, मग सोडलं. होत नसलेले कपडे कपाटातून काढून टाकले आणि आजच्या मापाचे दोन चांगले ड्रेस शिवून घेतले. 'शरीरावर प्रेम करा' असं हल्ली सांगतात. मला ते जमलं नाही, आणि ते जमायलाच हवं असंही नाही. मात्र त्याच्याशी शत्रुत्व सोडता आलं.

काही खुणा मात्र घरच्या घरी सोडवायच्या नाहीत. जेवणानंतर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, पाळी थांबणं, चक्कर, केस गळणं, चारचौघांत जेवायला टाळणं, अन्न लपवणं. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार, अॅनोरेक्सिया, हा मनाच्या आजारांतल्या सर्वाधिक जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. वजन फार कमी दिसत नसलेल्या माणसालाही असे विकार असू शकतात. हे नखरे नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं, आधी बोलून बघायचं असेल तर टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीतूनही बोलता येतं.

घरच्यांनी एकच केलं तरी पुष्कळ आहे: भेटल्यावर पहिलं वाक्य शरीराविषयी काढू नये. बारीक झालीस असं कौतुकही नको. माझं कौतुक झालं होतं ते मी सगळ्यात जास्त आजारी असताना.

गेल्या होळीला माझी अकरा वर्षांची भाची पुरणपोळीच्या ताटावर बसून माझ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, अजून एक खाल्ली तर मी जाड होईन का?" मी तिच्याजवळ खाली बसले. विचारलं, "पोटाला विचार. भूक आहे अजून?"

तिने खरोखर डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"अर्धीची आहे," ती म्हणाली.

मी अर्धी पोळी वाढली आणि वर तूप घातलं.